जबड्यामागची बोटं

डॉक्टरची बोटं

"आधी ती उशी काढा," डॉक्टर दारातूनच म्हणाला.

ती उशी नव्हती. सत्काराच्या शालींची चवड होती. शहादेव गावच्या दूध संस्थेचा संचालक. शाल आणि नारळ यापलीकडं त्या पदानं त्याला फारसं काही दिलं नव्हतं. नारळ खाऊन संपले, शाली मात्र त्याच्या बायकोनं, मालनबाईनं, डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत जपल्या होत्या. दोन हजार तेराचा उन्हाळा. गावातली सगळी जनावरं संस्थेच्या चारा छावणीत बांधलेली. सकाळी छावणीत म्हशींपुढं उसाचं वाढं टाकता टाकता शहादेव कोसळला. चौघांनी बाजेवर घालून घरी आणला. थोरली बहीण दगडाबाई धावत आली, ट्रंक उघडली, हाताला लागलं ते भावाच्या डोक्याखाली रचलं.

आजारी माणसाला उशाला उंच द्यायचं, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. माया जितकी जास्त तितकी उशी उंच. दगडाबाईची माया सात शालींची होती. शहादेवची हनुवटी छातीला टेकली. तो एवढ्यानं घोरायला लागला की उंबऱ्यातल्या कोंबड्या अंगणात पळाल्या. मग घोरणं एकदम बंद झालं.

"निजला बघ गं निवांत," दगडाबाई म्हणाली.

मालनबाईला निवांत दिसेना. पोट वर यायचं तेव्हा छाती आत जायची. छाती वर यायची तेव्हा पोट आत. गळ्याखालच्या खोबणीत सुपारी मावेल एवढा खड्डा पडत होता. तिनं त्याच्या नाकापुढं तळहात धरला. तळहाताला

काही लागलं नाही.

नेमका तेव्हा डॉक्टर आला. वडवणीचा, तरुण, मोटरसायकलवरून आलेला, अंगभर फुफाटा. त्यानं एका हिसक्यात शाली ओढल्या. शहादेवचं डोकं बाजेवर आडवं झालं. डॉक्टर उशाशी गुडघ्यांवर बसला, दोन्ही कानांच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यांमागं बोटं घातली आणि जबडा वर उचलला. कपाटाचा अडकलेला खण ओढावा तसा. खालचे दात वरच्या दातांच्या पुढं आले. कोरड्या हापशाला अचानक पाणी लागावं तसा आवाज झाला आणि शहादेवच्या आत हवा गेली.

दगडाबाई भिंतीला टेकून खाली बसली.

"जीभ गिळली हुती का हो?" मालनबाईनं विचारलं.

"जीभ कुणी गिळत नाही, मावशी." डॉक्टरनं बोटं काढली नव्हती. "जीभ खालच्या जबड्याला आतून बांधलेली असते. माणूस शुद्धीत असला की जबडा आपला आपण पुढं धरून ठेवतो, आपल्याला कळतही नाही. शुद्ध गेली की जबडा मागं सरकतो. त्याच्यामागं जीभ. ती घशात बसते. टँकरची नळी कधी पायाखाली आलीय का?"

"रोजच येती. बाया भांडत्यात."

"मग कळेल तुम्हाला. नळीचं तोंड निम्मं झालं की जोर दुप्पट लागत नाही. सोळापट लागतो. हे आत्ता तेवढा जोर लावत होते. किती वेळ लावतील?"

मालनबाई डॉक्टरची बोटं बघत होती. कुठं घातलीत, किती आत, अंगठे कुठं टेकवलेत. ओठ मिटू नयेत म्हणून अंगठ्यांनी हनुवटी किंचित खाली दाबली होती, तेही तिनं बघितलं.

मोहनरावांचा हात

मोहनराव, संस्थेचे चेअरमन, डॉक्टरला त्यांनीच बोलावून आणलं होतं. ते ओसरीत उभे होते.

"मेंदूत रक्तस्राव झाला असावा," डॉक्टर म्हणाला. "माझ्याकडं यावर काही नाही. आत्ताच्या आत्ता बीडला हलवा."

"रस्त्यात काई झालं तर?"

"होऊ शकतं."

"आन हितंच ठिवला तर?"

"इथंही होऊ शकतं. पण तिथं निदान—"

मोहनरावांना पहिलं उत्तर पुरेसं होतं.

आता इथं एक गणित सांगायला हवं. त्याच्याशिवाय पुढचं काहीच समजणार नाही. संस्थेच्या मंडळात दहा जण. त्या दिवशी चार वाजता मोहनरावांवर अविश्वास ठराव येणार होता. ठराव पास व्हायला दोन तृतीयांश, म्हणजे दहात सात हात वर व्हावे लागत. विरोधातल्या आप्पारावांकडं सहा होते. सातवा कुठूनच मिळत नव्हता. पण संचालकांपैकी एकजण सभेआधी मेला, तर मंडळ नऊचं. आणि नऊला सहा पुरत.

म्हणजे शहादेवनं सभेला यायची गरज नव्हती. हात वर करायची नव्हती, खाली ठेवायची नव्हती. त्यानं चार वाजेपर्यंत फक्त दहातला एक राहायचं होतं.

आणि चेअरमनपद म्हणजे त्या वर्षी काय होतं? नदीत वाळू, विहिरीत दगड, शिवारात गवताची काडी नाही. छावणीत कुणाच्या म्हशीला किती चारा पडायचा, टँकर आधी कुठल्या आळीत उभा राहायचा, हे सगळं एका खुर्चीवरून ठरायचं. त्या उन्हाळ्यात गावातल्या प्रत्येक दावणीचा दोर मोहनरावांच्या हातात होता.

"भाऊ, जीप द्या," मालनबाई म्हणाली. "जबडा मी धरते. डॉक्टरांनी केलं ते मी बघितलंय."

मोहनरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वहिनी, सख्ख्या भावाच्या वर हाय त्यो मला. ह्या उन्हात, ह्या खड्ड्यांतून न्यायचा, आन वाटंत काई बरंवाईट झालं तर मी सोताला माफ करीन का? चारला सभा. साडेचारला जीप दारात. शब्द हाय माझा. तवर माझी मान्सं ठिवतो, एक पळ हात सुटायचा न्हाई."

डॉक्टरनं शहादेवला डाव्या कुशीवर वळवलं. कुशीवर जीभ पुढं पडते, म्हणाला. कुशीवरच ठेवा, आणि तरी जबड्यामागचे हात काढू नका. मग त्यानं हात झटकले. "मी सांगायचं ते सांगितलं. पुढं तुमची जबाबदारी." वडवणीत बाहेर बाकड्यावर पेशंट बसून होते. मोटरसायकल गेली. फुफाटा बराच वेळ उडत राहिला.

मालनबाईनं मान हलवली होती का? तिला पुढं कधीच आठवलं नाही. नाही म्हणाली नाही, एवढं खरं. शहादेवचा मोहनरावांवरचा विश्वास त्या घरात इतकी जागा व्यापून होता, की मालनबाईला स्वतःचा वेगळा असा कधी ठेवावाच लागला नव्हता.

सुग्रीवचे हात

सुग्रीव मोहनरावांचा माणूस. छावणीत वैरण तोलायचा, निवडणुकीत पोस्टर चिकटवायचा, मधल्या वेळात जे सांगितलं जाईल ते करायचा. आणखी दोघांना घेऊन तो बाजेच्या उशाशी बसला आणि खरं सांगायचं तर त्याचा हात चांगला होता. बैलांना औषध पाजून पाजून त्याला जबडे माहीत होते.

"नाना, दम काढा बरं का. चार वाजंस्तवर." आणि मग सोबत्यांकडं बघून, "मंत्री आजारी पडला तरी एवढे हात नसतेत बे. नाना आज लई मोठा मानूस हाय."

"मंत्र्याला मशीन असती."

"मशीनीला मोबाईल उचलता येत न्हाई."

हसले. मालनबाई पायथ्याशी बसली होती. तिला हसण्याचा राग आला नाही. श्वास नीट चालला होता. कुशीवर, जबडा पुढं, बारीक सुसकारत का होईना. पाळी बदलताना एकाचे हात निघाले आणि दुसऱ्याचे लागेपर्यंत जेवढा वेळ गेला तेवढ्यात घरघर सुरू व्हायची, आणि नवी बोटं बसली की थांबायची. दार लावलं-उघडलं तसं. मालनबाई मनातल्या मनात प्रत्येक वेळी ती बोटं स्वतः बसवत होती.

"मी धरू का जरा?" तिनं विचारलं.

"तुमी कावून तरास घेता काकू? चेअरमननं आमाला सांगितलंय."

आप्पारावांचे जोडलेले हात

दुपारी दारात पांढरी गाडी थांबली. आप्पाराव उतरले. चप्पल काढून, हात जोडून आत आले.

"वहिनी, गाडी भाईर हाय. आत गारवा हाय, शीट आडवं व्हतंय. उचला, बीड तासाभरात."

सुग्रीवनं मान वर केली, बोटं जागची हलू न देता. "एवढी माया कावून दाटून आली आप्पाराव? सकाळपतुर कुठं हुती?"

"तुझ्याशी बोलत न्हाई मी."

"मी तुमच्याशी बोलतोय की. नानाला गाडीत घालायचं, घाटात जरा हळू चालवायचं, पंक्चर व्हायचं. मंग सभेत यायचं सहा हात घिऊन. हाय का न्हाई?"

"अरे, मानसाचा जीव चाललाय."

"मंग तुमच्याच गाडीत कावून जावा?"

आप्पारावांनी त्याच्याकडं पाठ केली आणि मालनबाईपुढं हात तसेच धरले. "वहिनी, राजकारन ऱ्हाऊ द्या एका अंगाला. तुमी बसा संगं, आक्काला घ्या. सुग्रीवला बी घ्या पाह्यजे तर. पन न्या."

मालनबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होती. आप्पाराव बोलत तिच्याशी होते. डोळे मात्र शहादेवकडं होते. चेहऱ्याकडं नाही, छातीकडं. छाती वर झाली की त्यांची नजर वर व्हायची, खाली झाली की खाली. वाट बघितल्यासारखी.

"न्हाई," ती म्हणाली. "आमाला चेअरमनची जीप येनार हाय."

आप्पारावांचे जोडलेले हात सुटले, त्यांनी चपला घातल्या आणि गाडी गेली.

ते खोटं बोलत होते का? वाटेत पंक्चर झालंच असतं का? आप्पारावांना स्वतःला तरी ते ठाऊक होतं की नाही कोण जाणे. पण गाडी खरी होती. आतला गारवा खरा होता. मनात काहीही धरून दिलेली गाडी शेवटी गाडीच असते; तिची चाकं फिरतात, ती बीडला पोचते. हे मालनबाईला कळायला संध्याकाळ व्हावी लागली.

अधिकाऱ्याचा हात

सभा चालवायला सहकार खात्याचा अधिकारी आला होता. आप्पारावांच्या लोकांनी त्याच्या कानावर घातलं की शहादेव सकाळीच गेला, चेअरमननं मढं झाकून ठेवलंय. म्हणून सभेआधी अधिकारी स्वतः बघायला निघाला.

मोहनराव त्याच्या पुढं पाचेक मिनिटं घरात शिरले.

"सरळ निजवा रे. साहेबाला तोंड दिसलं पाह्यजे."

"कुशीवरच ठिवा म्हनले हुते डॉक्टर," मालनबाई म्हणाली.

"दोन मिन्टाचं काम हाय वहिनी."

पाठीवर वळवला. लगेच घरघर लागली. सुग्रीवनं बोटं रोवली, जबडा उचलला, आवाज मिटला.

अधिकारी उंबऱ्यावरच थांबला. रुमाल नाकाला. खोली अंधारी, बाहेर रखरखीत ऊन. त्याला आतलं काही दिसत नसावं. "श्वास आहे का?"

"हाय की साहेब."

"काही हालचाल दिसत नाही."

मोहनरावांनी सुग्रीवकडं बघितलं. ओठ जेमतेम हलवले. "थोडं ढिलं सोड."

सुग्रीवनं बोटं ढिली केली. जबडा मागं गेला. शहादेवच्या घशातून करवतीसारखा, लाकूड चिरल्यासारखा आवाज निघाला, अख्ख्या खोलीभर. गळ्याखाली तो खड्डा पुन्हा पडला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आवाज अर्ध्यातच

"ऐकू आलं," अधिकारी म्हणाला. "ठीक आहे. हयात." आणि वळला.

"धर की रे!" मालनबाई ओरडली. सुग्रीवनं धरला.

तिनं शहादेवला कुशीवर करायला खांद्याखाली हात घातला. सुग्रीवनं तिला थांबवलं. "ऱ्हाऊ द्या काकू, साहेब परत आला तर? सभा हू द्या."

वर झालेले हात

संस्थेचं कार्यालय रस्त्यापलीकडं. दार बंद झाल्याचा आवाज घरात आला.

शहादेव आत घेतो. सोडतो.

पारावर बसलेल्या माणसांच्या माना कार्यालयाकडं.

आत घेतो. सोडतो.

कुणीतरी कार्यालयात मोठ्यानं काहीतरी म्हणालं. खुर्ची सरकली.

आत घेतो.

सुग्रीवच्या खिशातला मोबाईल वाजला. त्यानं उजवा हात काढला. शहादेवचा जबडा एका अंगाला कलला, तोंड वाकडं झालं, तरी श्वास कसाबसा जात होता. "हां," सुग्रीव म्हणाला. "हां... सहाच? सहाच ना?" आणि त्यानं डावा हातही काढला, कारण दोन्ही हात वर करायचे होते.

"पडला! ठराव पडला! नाना, जिकलो!"

त्यानं शहादेवच्या कपाळावर थाप मारली, प्रेमानं, आणि तिघंही धावत बाहेर गेले.

कुणाचेच नाहीत



पोट वर. छाती आत.



मालनबाईचे हात

ती पायथ्याकडून उशाशी कशी पोचली ते तिला ठाऊक नाही. बोटं मात्र एकदम जागेवर गेली. कानाखाली, हाडाच्या कोपऱ्यामागं. उचलला. पुरेसं झालं नाही. कोपरं बाजेच्या लाकडाला टेकवली, खांद्यातून जोर लावला, पुन्हा उचलला. खालचे दात पुढं आले. हवा आत गेली. तिच्या मनगटांवर त्याचा उच्छ्वास लागला, गरम, आंबूस.

बाहेर हलगी सुरू झाली.

"आक्का, जा. जीप सांगा."

दगडाबाई गेली. परत आली तेव्हा तिच्या कपाळावर गुलाल होता. कुणी लावला, का लावून घेतला, तिचं तिलाच कळलं नव्हतं. "जीप मिरवनुकीत हाय गं. मोहनराव टपावर उभा हाय. आत्ता यितो म्हनला."

"किती आत्ता?"

"पाराला येढा मारला की म्हनला."

हलगी पाराला वेढा मारून देवळाकडं गेली. देवळाकडून खालच्या आळीत. मालनबाईच्या बोटांना आधी मुंग्या आल्या, मग कळ, मग काहीच येईना. ती बोटांकडं बघून बघून ती तिथंच आहेत याची खात्री करत होती.

"आप्पारावांकडं जा. म्हनावं, चूक झाली माझी. गाडी द्या."

दगडाबाईला या खेपेला वेळ लागला नाही.

"गाडी दारातच हाय."

"मंग?"

"म्हनले, दुपारी पाया पडाया आलतो तवा न्हाई म्हनल्या. आता काय उपेग?"

उपयोग. मालनबाईनं तो शब्द ऐकला आणि बोटं आणखी घट्ट रोवली. जबडा सोडून आप्पारावांच्या दारात जाऊन त्यांना काय म्हणावं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण जबडा सोडता येत नव्हता. मोहनरावांच्या जीपपुढं आडवं पडताही येत नव्हतं. त्या संध्याकाळी गावात सगळ्यांचे हात मोकळे होते. बांधलेले फक्त तिचे.

शेवटी आला तो दुधाचा टेम्पो. कारभारी नावाचा ड्रायव्हर सांजेचे कॅन उचलायला कार्यालयापुढं थांबला होता. मालनबाईनं आतूनच, मान न वळवता, आयुष्यात कधी मारली नव्हती तशी हाक मारली. कारभारी आत आला, बघितलं, "अयायाया," म्हणाला आणि बाजेचं एक टोक धरलं. दगडाबाईनं दुसरं. कॅन एका बाजूला सारले. चारा नसल्यामुळं दूधही नव्हतं, बरेच कॅन रिकामेच होते. पोत्यावर शहादेवला कुशीवर निजवला. चढवताना जबडा दोनदा सुटला आणि मालनबाईनं दोनदा पकडला.

दगडाबाई घरातून वाकळ घेऊन आली. "डोस्क्याखाली घाल गं, आपटंल."

"आक्का! उशी न्हाई!"

दगडाबाई वाकळ छातीशी धरून रस्त्यात उभी राहिली.

वेशीपाशी टेम्पो थांबला. पुढं मिरवणूक. जीप हळूहळू चालली होती, टपावर मोहनराव, भोवती पोरं नाचत. कारभारीनं हॉर्न दिला. पोरांना वाटलं, टेम्पोही आनंदात सामील आहे. त्यांनी ओंजळी भरभरून गुलाल आत फेकला. तो कॅनवर पडला, मालनबाईच्या केसांत पडला, शहादेवच्या उघड्या तोंडाभोवती पडला. हात मोकळे नव्हते म्हणून तिनं तो वाकून फुंकून उडवला. मान वर केली तेव्हा मोहनराव टपावरून टेम्पोला हात जोडत होते. त्यांना दिसलं होतं. त्यांनी जीप रस्त्याच्या कडेला घ्यायला सांगितलं, टेम्पोला वाट करून दिली आणि मिरवणूक पुढं चालू झाली.

बीडपर्यंतचा रस्ता तिला दिसला नाही. खड्डा आला की रिकामे कॅन एकमेकांवर आपटायचे, जबडा निसटायचा, घरघर व्हायची. बोटं पुन्हा बसायची. एवढंच.

दवाखान्यात त्यांनी शहादेवच्या घशात नळी घातली आणि तिला म्हणाले, आता सोडा. तिला सोडायचं होतं. बोटं उघडेनात. नर्सनं एकेक करून सोडवली.

"कधी झालं हे?" तिथल्या डॉक्टरनं विचारलं.

"सकाळी."

"आणि आत्ता आणताय? सकाळी आणलं असतं तर हा हात-पाय कदाचित राहिला असता. बोलणंही. काय करत होतात दिवसभर?"

मालनबाईनं सांगितलं, "जबडा धरून बसलो हुतो."

डावा हात

शहादेव जगला.

पोळ्याच्या सुमारास घरी आला. उजवं अंग गेलेलं, तोंड एका बाजूला ओघळलेलं, जीभ जाड. बोलायचा तो, पुष्कळ बोलायचा, पण शब्दांच्या कडा झिजून गेल्या होत्या. ऐकणाऱ्याला नुसतं आ-ल-आ ऐकू यायचं. गावात एकाच माणसाला ते कळायचं. इतकी वर्षं त्याच्या शेजारी जेवलेल्या, त्याच्या शेजारी निजलेल्या माणसाला.

माणसं भेटायला यायची. शहादेव काहीतरी म्हणायचा. माणसं मालनबाईकडं वळायची, "काय म्हनतेत?"

"म्हनतेत, चेअरमननं जगवलं. चेअरमनच्या मान्सांनी दिसभर जबडा धरला."

हे तिला रोज सांगावं लागायचं. कधी दिवसातून तीनदा. कारण शहादेव तेच म्हणत होता. त्याला हे कुणी सांगितलं? मोहनरावांनी, सुग्रीवनं, पारावरच्या सगळ्यांनी. गावात ते असंच झालं होतं.

एकदा दुपारी, कुणी नसताना, तिनं त्याला सगळं सांगितलं. शाली, गाडी, "थोडं ढिलं सोड," मोबाईल, गुलाल, कॅन. सांगताना आवाज चढू दिला नाही. तो ऐकत होता. डोळे ओले झाले त्याचे. मग जड जिभेनं म्हणाला,

"तू बी हुतीस की."

म्हणजे: त्यांच्यासोबत तूही होतीस, मला माहीत आहे, विसरलो नाही. त्याला वाटलं, तिला तेवढंच ऐकायचंय. त्यानं डाव्या हातानं तिचा हात थोपटला.

मालनबाई उठली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. म्हैस नुकतीच पाणी प्यालेली होती. तरी दाखवलं.

संस्थेची वार्षिक सभा झाली. पाऊस बरा झाला होता, छावणी मोडली होती, मंडप आंब्याच्या डहाळ्यांनी सजवला होता. शहादेवला खुर्चीसकट उचलून पुढं बसवलं. मालनबाई खुर्चीमागं उभी. त्याचं तोंड पुसायला कुणीतरी लागायचं. ठराव वाचले गेले. मंजूर, मंजूर. शहादेव प्रत्येक ठरावाला डावा हात वर करत होता.

मग मोहनराव माईक घेऊन खाली आले. "आपले शहादेव नाना! मरनाच्या दारातून आनलाय ह्या संस्थेनं त्यास्नी. नाना, दोन शब्द बोला."

माईक शहादेवच्या ओठांना लावला. तो बोलला. भोंग्यातून गावभर आ-ल-आ गेलं. लांब बोलला, मनापासून, मान हलवत, डोळ्यांत पाणी. लाळ माईकवर गळली.

"काय म्हनतेत, वहिनी?" मोहनराव हसत म्हणाले, आणि माईक तिच्यापुढं धरला.

मालनबाईनं तो हातात घेतला.

"ते म्हनतेत," ती म्हणाली, "चारला सभा झाली. साडेचारला जीप यायची हुती. कावून आली न्हाई?"

मागच्या बाजूनं, आप्पारावांची माणसं बसली होती तिथून, टाळी वाजली. एक, मग बऱ्याच.

"आन ते म्हनतेत," मालनबाई तिकडं वळली, "आप्पारावांची गाडी दारातच हुती. ती तरी सांजच्याला कावून आली न्हाई?"

टाळ्या थांबल्या.

शहादेव खुर्चीत वळायची धडपड करत होता. मान जोरजोरात हलवत होता, डावा हात हवेत आपटत होता. न्हाई, न्हाई, मी असं म्हनलोच न्हाई, तो ओरडत होता. जबडा पुढं काढून, गळ्याच्या शिरा ताणून. प्रत्येक शब्द मालनबाईला स्वच्छ कळत होता. बाकीच्यांना दिसत होता एक संतापलेला लुळा माणूस, ज्याला साडेचारची जीप आठवत होती.

मोहनरावांनी माईक हळूच परत घेतला. त्यांचं हसू जागच्या जागी होतं.

"मेंदूचं दुखनं लई वाईट, मंडळी. मानूस भरकटतं. आपन नानांवर राग धरायचा न्हाई. काय?"

न्हाई, न्हाई, लोक म्हणाले. च्च, च्च झालं. सुग्रीव चहाचे कप घेऊन फिरू लागला. पहिला कप त्यानं शहादेवच्या डाव्या हातात दिला, सांडू नये म्हणून बशी खाली धरली.

त्या दिवसापासून शहादेव बोलायचा थांबला. त्याचं बोलणं कळणारं माणूस एकच होतं, आणि आता त्याच्याशीच बोलायचं नव्हतं. भेटायला आलेली माणसं थोडा वेळ बसतात, त्याच्याकडं बघतात, मालनबाईकडं बघतात आणि उठतात. दुपारी तो झोपला की ती त्याला कुशीवर करते. जेवण हवं असलं की तो डाव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर वाजवतो.

ती वाढते.